नदी दोन देशांची, धरण एक: पाणी कधी सोडायचं हे ठरवतं कोण?

प्रश्नाचे दोन भाग आहेत. सामाईक नदीवर एकच बहुउद्देशीय धरण असेल तर पाणी कधी, किती आणि कोणासाठी सोडायचं हे कोण ठरवतं? आणि मग महाकाली नदीवरचं (भारतात तीच शारदा) भारत-नेपाळचं नियोजित पंचेश्वर धरण इतकी वर्षं का रखडलंय? पहिल्या भागाला वेळ लागेल. दुसऱ्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

मी पाटबंधारे खात्यात होतो आणि नोकरीतला बराच काळ धरणाचा येवा (आत येणारं पाणी), विसर्ग (सोडलेलं पाणी), बाष्पीभवन असले आकडे मांडण्यात गेला. त्यामुळे लोक धरणाचे दरवाजे बघतात तेव्हा माझं लक्ष हिशेबाच्या वहीकडे जातं. या प्रश्नात तरी ती सवय कामाची आहे.

उदाहरण अमेरिका-मेक्सिकोचं घेतो, कारण ते सत्तर वर्षं चालू आहे. रिओ ग्रान्दे (मेक्सिकोत रिओ ब्राव्हो) टेक्सासच्या कडेने वाहते आणि तिथे नदीचं पात्र हीच दोन देशांची हद्द. 1944 च्या तहानुसार या पात्रावर दोन मोठी धरणं झाली. खालच्या अंगाला फाल्कन, ते 1954 मध्ये पुरं झालं, आणि वर डेल रिओ आणि सिउदाद अकून्या या समोरासमोरच्या गावांजवळ आमिस्ताद, ते 1969 मध्ये. फाल्कनच्या पूरसाठा सोडून नेहमीच्या साठ्याची क्षमता साधारण 115 टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे कोयनेच्या 105 टीएमसीहून थोडी जास्त. पिण्याचं पाणी, शेती, वीज आणि पूरनियंत्रण अशी चारही कामं या दोन धरणांकडून घेतली जातात.

आता मुख्य गोष्ट. फाल्कनच्या साठवण क्षमतेत अमेरिकेचा वाटा 58.6 टक्के आणि मेक्सिकोचा 41.4. आमिस्तादमध्ये 56.2 आणि 43.8. पण हा वाटा म्हणजे जागेचा वाटा. त्या जागेत प्रत्यक्ष किती पाणी कोणाचं, हे वेगळं मोजतात. तहात उपनद्यांची नावं घेऊन वाटणी केली आहे. पेकोस आणि डेव्हिल्स नद्यांचं पाणी पूर्ण अमेरिकेचं. सान हुआन आणि आलामोचं पूर्ण मेक्सिकोचं. मेक्सिकोतून येणाऱ्या कोंचोस, सालादो वगैरे सहा प्रवाहांचं दोन तृतीयांश मेक्सिकोचं आणि एक तृतीयांश अमेरिकेचं. ज्यांची नावं तहात नाहीत, त्यांचं अर्धं-अर्धं. तलावात हे सगळं पाणी एकच होतं, वहीत मात्र ते शेवटपर्यंत दोन राहतं. दर आठवड्याला किती पाणी कोणाच्या खात्यावर, ते काढलं जातं.

या वहीचे नियम वाचताना मला ते लिहिणाऱ्यांचं खरोखर कौतुक वाटलं. बाष्पीभवनात गेलेलं पाणी ज्याचा जितका साठा त्या प्रमाणात त्याच्या नावावर घट. एका देशाची जागा भरली आणि दुसऱ्याची रिकामी असेल, तर पहिला दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत आपलं पाणी तात्पुरतं ठेवू शकतो. पण त्या काळात पूर आला आणि पाणी सांडव्यावरून गेलं, तर वाहून गेलेलं सगळं पाणी त्या पाहुण्याच्या खात्यातून वजा, आणि येणारा सगळा येवा जागेच्या मालकाच्या नावावर जमा. भाडेकरूचं सामान आधी बाहेर, असा सरळ हिशेब.

ही वही सांभाळतो तो दोन्ही देशांचा सामाईक सीमा व जल आयोग. त्याचे दोन विभाग आहेत, एक एल पासोला, एक समोर सिउदाद हुआरेसला. दोन्ही विभागांचा प्रमुख अभियंताच असला पाहिजे असं तहातच लिहिलंय (आपल्याकडच्या पाणीतंट्यांत असं कुणी लिहून ठेवलं असतं तर, असं मनात आलंच). आयोगाचा ठराव होतो, त्याला तिथे ‘मिनिट’ म्हणतात आणि त्याला क्रमांक असतो. एखाद्या सरकारने तीस दिवसांत होकार-नकार काहीच कळवलं नाही, तर त्याची मंजुरी आहे असं धरलं जातं. फाइल दाबून ठेवून काही साधत नाही.

तर रोजच्या रोज पाणी सोडायचं कोण ठरवतं? ज्याचं पाणी तो. टेक्सासमध्ये राज्याचा वॉटरमास्टर असतो. आपल्याकडे शेतकरी सात नंबरचा अर्ज भरतो तशी तिथले शेतकरी आणि पाणीवाटप संस्था त्याच्याकडे मागणी नोंदवतात, तो त्यांच्या खात्यात शिल्लक आहे का बघतो आणि आयोगाच्या अमेरिकी विभागाला विसर्ग कळवतो. शहरांसाठी 2,25,000 एकर-फूट, म्हणजे जवळजवळ 10 टीएमसी, राखीव ठेवूनच उरलेलं शेतीला मिळतं. मेक्सिकोच्या बाजूला त्यांचा राष्ट्रीय जल आयोग हेच काम करतो. एकाने मागितलं म्हणून दुसऱ्याचं पाणी जात नाही, त्यामुळे दरवाजापाशी भांडण व्हायचं कारणच उरत नाही.

विजेचा प्रश्न त्यांनी अगदी सोपा करून टाकला. दोन्ही काठांवर दोन वीजगृहं, फाल्कनला प्रत्येकी 31.5 मेगावॉट आणि आमिस्तादला प्रत्येकी 66, आणि तयार होणारी वीज निम्मी-निम्मी. तहातल्या प्राधान्यक्रमात पिण्याचं पाणी पहिलं, शेती दुसरी, वीज तिसरी. म्हणजे शेतीला आणि शहरांना सोडलेलं पाणी जाता जाता टर्बाइन फिरवतं, निव्वळ विजेसाठी पाणी सोडत नाहीत. कोयनेच्या बरोबर उलट. कोयनेचं पश्चिमेकडे वळवलेलं पाणी मुख्यतः विजेसाठीच, आणि कृष्णा पाणीवाटप लवादाने घालून दिलेल्या 67.5 टीएमसीच्या मर्यादेत.

पुराच्या वेळी मात्र कोणाचं पाणी हे बघत बसायला वेळ नसतो. 1954 च्या जूनमध्ये ॲलिस वादळाने वरच्या पिएद्रास नेग्रास आणि लारेडो भागात हाहाकार माजवला, तेव्हा फाल्कन नुकतंच उभं राहिलं होतं. तो पूर त्याच्या रिकाम्या तलावात मावला आणि खालचं खोरं वाचलं.

इथपर्यंत वाचून वाटेल की सगळं आलबेल आहे. नाहीये. खरं भांडण या धरणांच्या कितीतरी वर, मेक्सिकोच्या चिवावा राज्यात होतं.

सहा प्रवाहांच्या त्या एक तृतीयांशाला तहाने किमान मर्यादा घातली आहे. अमेरिकेला दरवर्षी सरासरी 3,50,000 एकर-फूट, म्हणजे सुमारे 15 टीएमसी, मिळालं पाहिजे आणि हिशेब पाच वर्षांचा एकदम. (उलट दिशेने तहानुसार अमेरिकेने कोलोरॅडो नदीतून मेक्सिकोला वर्षाला 15 लाख एकर-फूट, साधारण 65 टीएमसी, द्यायचं आहे. हे विसरून बोललं की चर्चा एकतर्फी होते.) ‘असाधारण दुष्काळ’ पडला तर राहिलेली बाकी पुढच्या पाच वर्षांत भरायची मुभा आहे. असाधारण म्हणजे किती, हे तहात कुठेही लिहिलेलं नाही. एवढी काटेकोर वही आणि नेमकी तीच ओळ मोकळी. गंमत म्हणजे कर्जमाफीची सोयसुद्धा आहे: दोन मोठ्या धरणांतली अमेरिकेची जागा अमेरिकेच्या पाण्याने भरली, की पाच वर्षांचं चालू चक्र तिथेच संपतं आणि बाकी शून्य. म्हणजे थकबाकीदाराला सगळ्यात मोठा आधार चक्रीवादळाचा.

कोंचोस नदीवर चिवावात ला बोकिया हे जुनं मोठं धरण आहे आणि त्याच्यावर पिकान (अक्रोडासारखं फळ), लसूणघास, मिरची अशी शेती उभी आहे. 2020 मध्ये चक्र संपत आलं, बाकी मोठी होती, आणि मेक्सिकोच्या केंद्र सरकारने तिथून पाणी सोडायला घेतलं. सप्टेंबरमध्ये शेतकऱ्यांनी नॅशनल गार्डला (केंद्राच्या सशस्त्र दलाला) हुसकावून धरणाचा ताबा घेतला. त्या संघर्षात गोळीबारात एका महिलेचा जीव गेला. उजनी-जायकवाडीच्या वादांत वरचे आणि खालचे एकमेकांना काय बोलतात हे ऐकलेल्याला तो राग समजावून सांगायला नको.

तोड निघाली ती वहीतूनच. ऑक्टोबर 2020 च्या मिनिट 325 नुसार मेक्सिकोने आमिस्ताद आणि फाल्कनमधलं स्वतःच्या नावावरचं पाणी अमेरिकेच्या नावावर केलं. तलावात थेंबही हलला नाही, फक्त खातं बदललं. आणि मेक्सिकोच्या शहरांना पुढे पिण्याच्या पाण्याची टंचाई पडली तर अमेरिकेने मदतीचा विचार करायचा, हेही त्यात आलं. असलं काही तेव्हाच जमतं जेव्हा वहीतल्या आकड्यांवर दोघांचाही विश्वास असतो. कोणाचं किती, यावर त्या दिवशी वाद नव्हता.

पण हिशेब चोख असला म्हणून पाऊस पडत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये टेक्सासचा शेवटचा साखर कारखाना बंद झाला. शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना, पन्नासेक वर्षं चाललेला. उसाला पाणीच उरलं नाही हे कारण त्यांनी जाहीरपणे दिलं. नोव्हेंबर 2024 मध्ये मिनिट 331 झालं, त्यात मेक्सिकोला सान हुआन आणि आलामोसारख्या दुसऱ्या नद्यांच्या पाण्यानेही देणं फेडायची वाट मोकळी केली. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पाण्यासाठी आयातशुल्काची धमकी दिली. ऑक्टोबर 2025 मध्ये 2020 ला सुरू झालेलं चक्र मोठी थकबाकी ठेवूनच संपलं. माझ्या मते तहाची खरी त्रुटी ही की वही फक्त तलावापासून सुरू होते. वरच्या खोऱ्यात किती विहिरी, किती फळबागा वाढू द्यायच्या, यावर आयोगाला काही म्हणता येत नाही.

आता पंचेश्वर. 1996 च्या महाकाली करारात वीज निम्मी-निम्मी आणि खर्च ज्याला जितका फायदा त्या प्रमाणात, असं तत्त्व आहे. ऐकायला न्याय्य. पण त्यामुळे प्रत्येकाला आपला फायदा कमी आणि समोरच्याचा जास्त दाखवण्यात रस. भारताचा सिंचनाचा आणि पूरनियंत्रणाचा फायदा किती धरायचा, हा नेपाळचा मुद्दा. दुसरा पेच आधीच्या वापराचा: करारात पाण्यावर दोघांचा समान हक्क, पण सध्याच्या वापराला धक्का न लावता. त्याच नदीवर खाली दूरवरच्या लोअर शारदा बंधाऱ्याचं पाणी त्या ‘सध्याच्या वापरात’ धरायचं असं भारत म्हणतो, नेपाळला ते मान्य नाही. प्रकल्पासाठी दोन्ही देशांचं प्राधिकरण 2014 मध्ये झालं, सविस्तर प्रकल्प अहवालावर एकमत अजून नाही. फाल्कनमध्ये कोणत्या उपनदीचं किती, हे बांधकामाच्या आधीच नावानिशी ठरलं होतं. पंचेश्वरला वहीचं पहिलंच पान लिहायचं राहिलंय.