रॉकेलचा वास आणि चरईतली आजी

प्रश्न : गेली २२ वर्षे मी तुर्भ्याच्या मसाला बाजारात एका पेढीवर हिशेबाचे काम करतो. नवख्या माणसाला आमच्या गल्लीत पाऊल टाकताच धणे, दगडफूल, हळद यांचा घमघमाट जाणवतो. मला मात्र काहीच जाणवत नाही. गेल्या महिन्यात माळा आवरताना जुना पितळी स्टोव्ह हाती आला. त्याच्या टाकीचे झाकण उघडले आणि रॉकेलच्या वासासरशी ठाण्याच्या चरईतल्या चाळीत स्टोव्हला पिन करणारी, पंप मारताना ओठ मुडपणारी आजी समोर उभी राहिली. थोरला भाऊ म्हणतो की चरईत कोळशाची शेगडीच होती आणि स्टोव्ह नंतर कळव्याच्या घरी आला. इतक्या वर्षांचा मसाला मुका आणि रॉकेल बोलते, हे कसे? आणि खरे कोणाचे?
(एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : आपल्या पत्रातच निम्मे उत्तर आहे. मसाल्याचा वास आपल्या वाट्याला रोज आला आणि रॉकेलचा वास मध्ये कित्येक वर्षे आलाच नाही.

नाकाच्या छतापाशी असलेल्या पेशींवर वासाचे रेणू बसतात आणि तिथून संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या गंधकंदात जातो. डोळ्यांनी पाहिलेले व कानांनी ऐकलेले आधी थॅलॅमस नावाच्या केंद्रात थांबते. वास मात्र ते ठाणे वगळून भावनांशी संबंधित असलेल्या अमिग्डालापर्यंत थेट पोहोचतो, आणि आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस त्याला लागूनच आहे. म्हणून ‘हे रॉकेल’ असे नाव सुचण्याआधीच गळा दाटून येतो. रॉकेल हा एक पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक (रेणू टिपणारी प्रथिने) असतात. एकेका वासाने त्यांपैकी काही निरनिराळ्या प्रमाणात जागे होतात आणि मेंदू त्या सगळ्यांची मिळून एकच खूण ठेवतो. या ग्राहकांची जनुके रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांनी १९९१ मध्ये शोधली व २००४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मसाल्याकडे येऊ. एकच वास सतत येत राहिला की नाक व मेंदू दोघेही त्याची दखल घेणे सोडून देतात. (मिरचीच्या पोत्याजवळ ठसका आपल्यालाही लागत असेलच; पण तो वास नव्हे, ती चेहऱ्याच्या व घशाच्या वेगळ्या मज्जातंतूंनी दिलेली झोंबल्याची सूचना असते.) शिवाय २२ वर्षांतील पगाराचे, भांडणाचे, कंटाळ्याचे असे सगळेच दिवस त्या एका वासाला चिकटल्यामुळे त्यातला कोणताही एक दिवस वर येत नाही. रॉकेलला मात्र एकच माणूस चिकटला. पुढे घरात गॅस आला आणि ती जोड पुसायला दुसरे काही आलेच नाही. वासाने जागणाऱ्या आठवणी बहुधा वयाच्या दहा वर्षांच्या आतल्या असतात, तर शब्दांनी किंवा छायाचित्रांनी जागणाऱ्या आठवणी अधिक करून किशोरवय व तारुण्य यांतल्या असतात, असे अभ्यासांत दिसून आले आहे.

खरे कोणाचे? माझा कौल थोरल्या भावाकडे झुकतो. वासाने आलेली आठवण जास्त उत्कट असते, पण जास्त अचूक असतेच असे नाही. चरईची खोली आणि कळव्याचा स्टोव्ह मनाने केव्हाच एकत्र केले असणे अगदी शक्य आहे. आजीच्या मुडपलेल्या ओठांबद्दल मात्र भावाने काही हरकत घेतलेली दिसत नाही.

प्रश्न : आई जाऊन दोन वर्षे झाली. तिचे एक सुती लुगडे मी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले आहे. आठवण आली की वास घेते. पण तो आता विरत चालला आहे. तो टिकवता येईल का? त्या लुगड्याची गोधडी शिवून मुलीच्या बाळाला द्यावी, असेही मनात आहे.
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : वास म्हणजे कापडातून उडून जाणारे रेणूच असल्यामुळे ट्रंक जितक्या वेळा उघडाल तितका तो कमी होत जाणार. लुगड्याचा एक तुकडा कापून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, अंधाऱ्या व थंड जागी ठेवावा आणि ती बरणी क्वचितच उघडावी. रोज हुंगण्यात दुसरेही एक नुकसान आहे : आईच्या वासाला हळूहळू आजचे दुःख चिकटत जाते आणि आईचे जुने दिवस मागे पडतात. तो वास कशाकशाचा होता, हे आत्ताच लिहून काढावे. खोबरेल, शिकेकाई, फोडणीचा हिंग, अंगाला लावायचे एखादे तेल असे घटक आठवले, तर वास पूर्ण विरल्यावरही त्यांतला एखादा घरात आणता येतो.

ट्रंकेत डांबरगोळ्या असतील, तर आपण ज्याला आईचा वास म्हणता त्यातला बराचसा नॅफ्थलिनचा असू शकेल. ही गोळी वितळत नाही, सरळ हवेत विरते व कापडात मुरते. मला हे लिहिताना वाईट वाटते, पण गोधडीसाठी ते सांगणे आवश्यक आहे. जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅफ्थलिनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते आणि ही कमतरता वरून दिसत नाही. त्यामुळे तुकडा आधी काढून घ्यावा, उरलेले लुगडे अनेकदा धुऊन बरेच दिवस उन्हात वाळवावे आणि डांबराचा वास जराही उरला असेल तर ती गोधडी बाळाला न देता मुलीला द्यावी.

प्रश्न : गावाहून परतताना वाशीच्या खाडीपुलावर ओहोटीचा वास आला की घर आल्यासारखे वाटून बरे वाटते. मुले नाक दाबून हसतात. दुर्गंध आवडणे विकृत तर नाही?
(एक वाचक, सानपाडा)

उत्तर : मुळीच नाही. खाडीच्या चिखलात प्राणवायू नसल्यामुळे तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. नासलेल्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. आवडनिवड बरीचशी सवयीने घडते आणि आपल्याकडे या वासामागोमाग दरवेळी घरच आले आहे. मात्र भरती असताना रसायनासारखा उग्र वास आला, तर तो चिखलाचा नव्हे. तेव्हा खुशाल मुलांप्रमाणे नाक दाबावे आणि खिडकीचे शटर ओढून घ्यावे.