कोल्हापूरहून अमेरिकेला पाच-सहा तासांत पोहोचता येईल का?

येईल, पण लगेच नाही. वेग नवा नाही. १९७६ ते २००३ प्रवासी सेवेत असलेलं कॉन्कॉर्ड विमान लंडन-न्यूयॉर्क साडेतीन तासांत गाठायचं. अडलं ते इंधनावर आणि आवाजावर. ध्वनीच्या वेगापलीकडे विमान गेलं की खाली तोफ उडाल्यासारखा धमाका होतो, म्हणून ते पुऱ्या वेगात समुद्रावरच पळवायचे. खरी आशा हा धमाका कमी करण्यातच आहे. बूम कंपनीच्या एक्सबी-१ या चाचणी विमानाने जानेवारी २०२५ मध्ये ध्वनीवेग ओलांडला. नासाचं एक्स-५९ हे चाचणी विमान त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिल्यांदा उडालं. त्याचं लांबलचक नाक त्या धमाक्याचा नुसता 'धप्प' व्हावा म्हणून आहे. ते साधलं तर जमिनीवरचे मार्ग खुले होऊ शकतील. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून आधी मोठं विमानतळ मात्र गाठावंच लागेल. मला विचाराल तर आपल्यासाठी आज उजळाईवाडीहून त्या मोठ्या विमानतळापर्यंतची जोडविमानं वेळेवर मिळणं जास्त मोलाचं आहे.