दादाने न लिहिलेला 'च'

मागच्या महिन्यात परदेशात राहणाऱ्या एका ताईंचा मेल आला, मेल कसला, अकरा वर्षांचा हिशोबच होता तो, आणि पाठवल्याची वेळ बघितली तर त्यांच्याकडच्या पहाटेचे तीन. नाव, देश काही सांगत नाही, त्यांना विचारूनच लिहितेय. थोडक्यात असं की वडील बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ताईंचं व्हिसाचं रिन्यूअल नेमकं तेव्हाच अडकलेलं, देशाबाहेर पडलं तर परत आत यायचे वांधे, म्हणून जाता आलं नाही. फॅमिली ग्रुपवर विचारलं बाबा कसे आहेत, तर मोठ्या भावाने लिहिलं, "बाबा ठीक आहेत. तू टेन्शन घेऊ नकोस, इथे मी आहे ना."

बस, एवढंच. आणि तेव्हापासून ताईंची झोप उडाली.

त्यांनी लिहिलंय, "दादाने मला सुनावलं की इथे मीच आहे, तू कुठे आहेस. म्हणजे घरात सगळे माझ्याबद्दल असंच बोलत असणार, वहिनी तर नक्कीच. बाबांनाही आतून वाटत असेल की मुलगी आली नाही. मी स्वार्थी आहे. उद्या त्यांना काही झालं तर मी पोचणारच नाही, आणि माझी मुलं पण हेच बघतायत, तीही म्हातारपणी मला असंच टाकून देतील." आता बघा, गाडी कुठून निघाली आणि कुठे पोचली. बाबांच्या खुब्यावरून निघाली ती थेट ताईंच्या म्हातारपणात, आणि मुलगा अजून पाचवीत आहे हो.

मी मेल दोनदा वाचला, मग फक्त दादाचं वाक्य परत वाचलं. ताई, त्यात 'च' नाहीये. त्याने "इथे मी आहे ना" लिहिलंय. "इथे मीच आहे" हे तुम्ही वाचलंय. तो 'च' तुमचा आहे.

आता कुणी म्हणेल एका अक्षराचं काय एवढं. पण आपल्या भाषेत हे अक्षर फार पॉवरफुल आहे, आणि डोक्यात जे वाजत असतं ना त्यात ते सगळीकडे घुसलेलं असतं. मी तिथे असायलाच हवं होतं. त्याने मला समजून घ्यायलाच पाहिजे. लोक नावं ठेवणारच. माझं नेहमीच असं होतं. 1955 च्या सुमारास अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर एक अख्खी उपचारपद्धती उभी केली, तिचं म्हणणं साधारण असं की घटनेमुळे माणूस जेवढा कोलमडतो त्यापेक्षा त्या घटनेबद्दल तो स्वतःला जे सांगतो त्याने जास्त कोलमडतो, आणि त्या सांगण्यात बहुतेक वेळा एक हट्ट असतो, झालंच पाहिजे, असायलाच हवं. एलिसना हे सुचलं त्यात एपिक्टेटस नावाच्या जुन्या तत्त्वज्ञाचा मोठा हात, आणि तो माणूस गुलाम म्हणून जन्माला आला होता, म्हणजे परिस्थिती वाईट असणं काय असतं हे त्याला एसी ऑफिसमध्ये बसून सुचलेलं नाही. मराठीत हे आणलं मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडक्यांनी, त्यांचा एलिसशी कित्येक वर्षं पत्रव्यवहार होता. आपल्याकडे त्याला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. नाव जड आहे पण आतला मुद्दा सोपा आहे: इच्छा ठेवा, 'च' काढा. "मला तिथे असायला आवडलं असतं, जमलं नाही" हे वाक्य म्हणून बघा. दुःख आहेच त्यात, पण आरोप नाही.

बुद्धांचा दोन बाणांचा दृष्टांत बऱ्याच जणांनी ऐकला असेल. एक बाण लागतो तो लागतो, तो दुखणारच, पण मग माणूस त्यावर रडतो, चिडतो, स्वतःला बोल लावतो, तो दुसरा बाण. बाबा पडले हा पहिला. लांब आहोत, हात पोचत नाही, हा पण पहिलाच, तो खोटा नाही आणि कुणी तुम्हाला "एवढं काय त्यात" म्हणालं तर अजिबात ऐकू नका. बाकी जे, वहिनी काय म्हणत असेल, मुलं काय करतील, ते सगळे दुसरे बाण, आणि ताई तुम्ही रोज रात्री तीनला उठून ते स्वतःच मारताय.

पण यात लांब राहणाऱ्यांचा एक वेगळा प्रॉब्लेम आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एका घरात राहणाऱ्या माणसाच्या डोक्यातल्या कल्पना दिवसातून दहा वेळा आपोआप दुरुस्त होतात. भाऊ तोंड पाडून बसला, तुम्हाला वाटलं आपल्यावर चिडलाय, पाच मिनिटांत तो येऊन रिमोट कुठाय विचारतो, संपलं, कल्पना गळून पडली आणि आपल्या लक्षातही येत नाही. परदेशात तसं होत नाही. तुमच्या हातात येते एक ओळ, दोन निळ्या टिका, लास्ट सीन आणि एक अंगठा. आवाज नाही, चेहरा नाही, घरात त्या वेळी काय चाललं होतं ते नाही. त्यात वेळेचा फरक, तुम्ही रात्री मेसेज टाकलात की उत्तर यायला सात-आठ तास, आणि त्या सात-आठ तासांत मन ओव्हरटाइम करतं. रिकामी जागा दिसली की भरायची ही त्याची सवय आहे, आणि भरायला त्याच्याकडे असतं काय, तर आपलीच जुनी अपराधी भावना. म्हणून दादाचं वाक्य तुमच्या डोक्यात दादाच्या आवाजात वाजत नाहीये, ते तुमच्या स्वतःच्या आवाजात वाजतंय. अकरा वर्षं जे तुम्ही स्वतःला म्हणत आलात ते आता त्याच्या तोंडी घातलंत इतकंच.

तुमचे मिस्टर म्हणतात म्हणे, "तू विचारच करू नकोस." माणूस चांगला असेल, पण हा सल्ला चालत नाही, आणि का चालत नाही हे डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये एका गमतीशीर प्रयोगात दाखवलं. लोकांना सांगितलं पाच मिनिटं मनात येईल ते बोलत राहा पण पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवा. मिनिटाला एकापेक्षा जास्त वेळा अस्वल हजर. आणि नंतर जेव्हा सांगितलं की आता खुशाल करा विचार, तेव्हा या लोकांच्या डोक्यात ते आणखी जास्त आलं, ज्यांना आधी मनाई नव्हती त्यांच्यापेक्षाही जास्त. म्हणजे ढकललं की ते दुप्पट जोराने परत येतं. तेव्हा मिस्टरांनी यापुढे "विचार करू नकोस" ऐवजी "काय विचार येतोय सांग" एवढं म्हणून गप्प बसावं, सोल्युशन देऊ नये, हे अवघड जातं त्यांना मला माहितीये.

पॉझिटिव्ह थिंकिंगबद्दलही माझं मत फार चांगलं नाही, सॉरी. "दादाचं माझ्यावर खूप प्रेम आहे, त्याला काहीच त्रास नाही, सगळं छान आहे" हे पण तुम्ही बघितलेलं नाहीये ना, ही पण रचलेलीच गोष्ट, फक्त रंग गुलाबी. आणि मनाला ते कळतं, ते दोन मिनिटांत म्हणतं, बस कर.

मग करायचं काय. मी स्वतः जे करते ते सांगते, एका कागदावर मधे रेघ मारायची, डावीकडे फक्त ते लिहायचं जे कॅमेऱ्यात रेकॉर्ड झालं असतं, उजवीकडे बाकी सगळं. तुमच्या मेलचं मी केलं. डावीकडे आलं: बाबा पडले, ऑपरेशन झालं, मी जाऊ शकले नाही, दादाने दोन वाक्यं लिहिली. चार ओळी. उजवीकडे दीड पान. उजवीकडचं खोडायचं नाही, ते खोटंच आहे असंही म्हणायचं नाही, फक्त प्रत्येक वाक्यापुढे "मला असा विचार येतोय की" जोडायचं. "मी स्वार्थी आहे" आणि "मला असा विचार येतोय की मी स्वार्थी आहे", मोठ्याने म्हणून बघा एकदा. पहिल्यात तुम्ही आत अडकलेल्या असता, दुसऱ्यात दाराशी उभ्या. फार काही नाही, पण दाराशी उभं राहिलं की बाहेर पडता येतं.

दुसरं, काळजीला वेळ ठरवून द्या. ऐकायला विनोदी वाटतं पण मानसशास्त्रज्ञ हे खरंच सुचवतात, रोज संध्याकाळी अर्धा तास, एकाच जागी, शक्यतो झोपायच्या खोलीत नको, आणि तेव्हा मनसोक्त काळजी करायची. दिवसभरात किंवा रात्री विचार आला की त्याला सांगायचं, तुझी अपॉइंटमेंट साडेसहाची आहे, आणि एका ओळीत लिहून ठेवायचं म्हणजे मनाला भीती राहत नाही की आपण विसरू. साडेसहाला बसलं की निम्म्या गोष्टी शिळ्या झालेल्या असतात. आणि रात्री तीनच्या मनाने सांगितलेलं काहीही खरं मानायचं नाही हा आमच्या घरातला नियम आहे, त्या वेळी मेल तर लिहायचाच नाही (हे तुम्हालाच).

आता तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही शेवटी बारीक करून लिहिलाय. "पण त्याने खरंच टोमणा मारला असेल तर?"

असेल ना. शक्य आहे. माझ्या बाबतीत एकदा असं झालंय, एका जुन्या मैत्रिणीचे मेसेज कोरडे यायला लागले, मी चार महिने मनात तिच्याशी भांडले, तिची बाजू मीच मांडली आणि उत्तरंही मीच दिली, शेवटी धीर करून विचारलं तर ती खरंच रागावली होती. माझा अंदाज बरोबर निघाला. पण ते खरं भांडण वीस मिनिटं चाललं, आणि चार महिने मी जे भोगलं त्यातलं एकही वाक्य तिच्या तोंडात नव्हतं. तिचा राग अगदी वेगळ्याच गोष्टीचा होता, आणि त्यावर मी सॉरी म्हणू शकत होते. कल्पनेतल्या मैत्रिणीला सॉरी कसं म्हणणार.

तसंच दादाचं. हॉस्पिटलच्या खुर्चीवर रात्री काढलेला माणूस आहे तो, थकला असेल, तुमच्यावर थोडा चिडला पण असेल, आणि त्याला तो अधिकार आहे असं मला वाटतं. पण मग तो त्याचा थकवा आहे, आणि थकव्यावर काहीतरी करता येतं, स्वतःला स्वार्थी म्हणून रात्रभर जागून दादाचा थकवा एक इंच कमी होत नाही. सगळं दुःख विचारांतून येतं असं मी अजिबात म्हणत नाहीये, काही टोचणी खरी असते आणि ती कामाला लावायची असते. इन्शुरन्सचे कागद, बिलं, फिजिओथेरपिस्टच्या वेळा ठरवणं, रात्रीची अटेंडंट शोधणं आणि तिचे पैसे देणं, हे हजारो मैलांवरून होतं. रोज ठरलेल्या वेळी बाबांशी तासभर व्हिडिओवर गप्पा मारा, म्हणजे तेवढा वेळ दादा बाहेर चक्कर मारून येईल. हे केलंत की उजवीकडच्या दीड पानातलं बरंचसं आपोआप उतरतं, आणि जे उरेल ते अपॉइंटमेंटला.

मन शांत कधी होणार असंही विचारलंत. मन कोरं होणं म्हणजे शांती असं धरून बसलात तर कधीच नाही. 2010 मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी 2,250 लोकांना फोनवरून दिवसभरात मधेच विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे, तर जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. आणि मन भटकत असताना लोक कमी खूश होते, अगदी छान गोष्टींकडे भटकलं तरी ते हातातल्या कामात असलेल्यांपेक्षा जास्त खूश नव्हते. मी यातून दोन गोष्टी घेतल्या, एक म्हणजे भटकणं हा आपला एकट्याचा दोष नाही, निम्मा वेळ सगळ्यांचंच भटकतं, आणि दुसरी, परत आणायची जागा फार लांब नाही, हातातलं काम हीच. भांडी घासत असाल तर भांडी. मेडिटेशन करत असाल तर उत्तम, पण "एवढं करते तरी शांत का वाटत नाही" असं सुरू झालं की समजा तिसरा बाण काढलात.

एक गोष्ट मात्र सिरीयसली. झोप, भूक, कशातच रस नसणं हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर कागदावर रेघा मारत बसू नका, डॉक्टरकडे जा. तुमचा मेल वाचून मला वाटतं तुम्ही एकदा जावंच (हा 'च' मी मुद्दाम ठेवलाय). इंग्रजीत मनातलं बोलता येत नसेल तर ऑनलाइन मराठीत बोलणारे समुपदेशक मिळतात. आणि जगणं नको असं कधी मनात आलं तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी जवळच्या माणसाला उठवा आणि तिथल्या इमर्जन्सी नंबरला फोन करा.

दादाला फोन करू का, आणि काय बोलू, हेही होतं मेलमध्ये. करा, पण ग्रुप कॉल नको, आणि बाबांच्या खोलीत असतानाही नको, आधी विचारा एकटा कधी असतोस. "तू असं का लिहिलंस" ने सुरुवात करू नका, तो बिचारा आठवायला लागेल काय लिहिलं होतं. "दादा, तू झोपतोयस का नीट" एवढं विचारा आणि मग गप्प बसा, तो बोलेपर्यंत. मधे शांतता पडली तर पडू दे, ती भरू नका.