जुनी वेस वाचवायची असेल तर आधी ती कागदावर आणा

तुमचा प्रश्न असा : तालुक्याच्या गावात जुनी दगडी वेस आहे, तिच्या आत चार-पाच वाडे उभे आहेत, रस्ता रुंदीकरणात वेस जाणार अशी कुणकुण आहे, साधे रहिवासी काही करू शकतात का?

करू शकतात. मी छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात राहतो. इथले दरवाजे, नहर (जमिनीखालून पाणी आणणारे जुने नळ) आणि वाडे टिकावेत म्हणून धडपडणाऱ्या मंडळींत मीही असतो. जे पाहिलं त्यावरून सांगतो.

आमचं गाव बावन्न दरवाजांचं म्हणून ओळखलं जातं. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी म्हणून हे शहर वसवलं, १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा केला, पुढे औरंगजेबाच्या काळात १६८२ मध्ये शहराला तट पडला. आज तट शोधावा लागतो आणि दरवाजे बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. जे गेलं ते बहुतेक असंच गेलं : आज एक बुरूज धोकादायक ठरला, उद्या कमान रहदारीला आड आली, परवा दगड कुणाच्या तरी जोत्याला लागले. ज्या वास्तूची कुठल्याही यादीत नोंद नसते ती पाडताना वारसा म्हणून कुणी अडवत नाही. तुमच्या वेशीचा खरा धोका हा आहे.

म्हणून पहिलं काम नोंदीचं. वेशीचे चारही बाजूंनी फोटो काढा, फोटोत एक माणूस उभा करा म्हणजे उंचीचा अंदाज येतो. टेपने कमानीची रुंदी, भिंतीची जाडी मोजा आणि वहीत साधा नकाशा काढा. शिलालेख असेल तर त्यावर खडू, चुना, तेल काहीही फासू नका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्या, झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वेशीबद्दल बोलतं करा आणि ते फोनवर रेकॉर्ड करा. मग नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. जागा सरकारी, नगरपरिषदेची की खासगी, हे कळल्याशिवाय पुढचा अर्ज कुणाच्या नावे करायचा तेच ठरत नाही. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळातले बरेच महसुली कागद उर्दूत असतात. उर्दू वाचणारे एखादे निवृत्त गुरुजी सोबत घ्या. मोडीचा कागद निघाला तर मोडी वाचणारेही अजून सापडतात.

दुसरं काम मुदतीचं. विकास आराखड्याचा मसुदा निघाला किंवा त्यात फेरबदल ठरला की १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. मुदत साधारण महिनाभराची असते. त्या महिन्यात तोंडी कितीही बोललात तरी उपयोग नाही. लेखी हरकत द्या, पोच घ्या, आणि एकाच अर्जावर शंभर सह्या घेण्यापेक्षा घराघरांतून वेगळे अर्ज जाऊ द्या. रुंदीकरणाचा मंजूर नकाशा मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. त्याच वेळी वेस वारसा यादीत घ्यावी म्हणून नगरपरिषदेला आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला निवेदन द्या. सोबत तुमची वही जोडलीत तर अर्जाला वजन येतं, कारण मोजमापासकट अर्ज क्वचितच कुणी करतं.

आणि नुसतं ‘पाडू नका’ म्हणू नका, रस्ता कुठून न्यायचा तेही सांगा. आमच्याकडे दिल्ली दरवाजा आणि पैठण दरवाजा रस्त्याच्या मधोमध उभे आहेत आणि वाहनं दोन्ही बाजूंनी जातात. त्यांचे फोटो नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांसमोर ठेवा. वेशीच्या बाजूला पंधरा-वीस फूट जागा निघत असेल तर तेवढ्या नकाशावर वेस वाचू शकते.

वेस वाचली की दुरुस्तीचा प्रश्न येतो, आणि इथे उत्साहाने फार नुकसान होतं. जुनी भिंत दगड-चुन्याची असते, तिच्यातून ओल येते-जाते. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि काही पावसाळ्यांत गिलाव्यासकट दगडाचे पापुद्रे सुटतात. ऑइल पेंटचंही तेच. आमच्या गल्लीतल्या एका वाड्याचं काम जुन्या गवंड्याने चुन्यात केलं. भिजवून मुरवलेला चुना, वाळू, विटांचा चूर, त्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर. मिश्रण मळून झालं की तो थापीवर गोळा घ्यायचा आणि थापी उलटी धरायचा. गोळा चिकटून राहिला तरच माल भिंतीवर जायचा, नाहीतर पुन्हा मळणी. असे गवंडी आता थोडे उरलेत. तुमच्या भागात कुणी असेल तर त्याच्या हाताखाली दोन तरुण पोरं द्या. वेशीवर पिंपळ उगवला असेल तर तो हिसकून काढू नका, मुळांबरोबर दगड येतात. फांद्या छाटत राहा आणि मुळांचं काम जाणकाराच्या हाती द्या.

वाड्यांची गोष्ट वेशीपेक्षा अवघड आहे, कारण तिथे माणसं राहतात. माळवद (मातीचं सपाट छत) गळतंय, तुळईला वाळवी लागलीय, सात हिस्सेदारांपैकी चार पुण्या-मुंबईला, आणि बिल्डर रोख पैसे घेऊन दारात उभा. अशा माणसाला वारशाचं महत्त्व सांगत बसणं मला अन्याय वाटतो. आधी त्याचं माळवद गळायचं थांबवा. गल्लीने वर्गणी काढून एका पावसाळ्यापुरती पांढरी माती टाकून दिली तरी वाड्यातला माणूस तुमच्या बाजूने बोलायला लागतो. वेशीखालच्या फळवाल्याला आणि पानटपरीवाल्यालाही सुरुवातीपासून सोबत घ्या. त्यांना हटवूनच सुशोभीकरण होणार असेल तर ते रुंदीकरणाच्या बाजूने उभे राहतील, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? रात्री-अपरात्री तिथे काय चाललंय हे त्यांच्याइतकं कुणालाच दिसत नाही.

आपल्याला कोण विचारतं, असं वाटून थांबू नका. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या प्राचीन वस्तू स्वतः जपल्या, आणि आज तेरला त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आहे. आमच्याकडेही लोक बोलत राहिले, तेव्हा गेल्या काही वर्षांत बऱ्याच दरवाजांची आणि शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याची दुरुस्ती झाली.

उद्या सकाळी नगरपरिषदेच्या सूचना फलकावर काय लागलंय ते बघा. नोटीस असेल तर तिचा स्पष्ट फोटो इथे टाका. तारीख पाहून हरकतीचा मसुदा मी लिहून देतो.