प्रदूषण मंडळाची माणसं नाल्याचं पाणी बाटलीत भरून नेतात, पुढं काय होतं?

तुमच्या घरामागच्या नाल्याला रंगाचं पाणी येतं, तक्रारीनंतर मंडळाचे लोक बाटल्या भरून गेले आणि पुढं काहीच कळलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर, केमिस्ट होतो, त्यामुळं ही तपासणी जवळून पाहिलीय.

सगळा खेळ त्या बाटलीचा असतो. नाल्यात कारखान्यांबरोबर वस्तीचं गटारही मिसळतं, मग दोष कुणाच्या माथी मारणार? म्हणून क्षेत्र अधिकारी थेट कारखान्याच्या आउटलेटवर नमुना घेतात. 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणं कारखान्याच्या माणसाला जागेवरच नोटीस द्यायची, त्यानं मागणी केली तर नमुन्याचे दोन भाग करायचे, बाटल्या सील करून दोघांनी सह्या करायच्या. ही पद्धत चुकली तर अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप; त्याची बाटली काठोकाठ भरून बर्फाच्या पेटीत जाते. प्रयोगशाळेत ती 27 अंशांवर 3 दिवस ठेवावीच लागते, तिथं घाई चालत नाही. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम, सीओडीची (तीच घाण रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन) 250. कारखान्याला नेमकी कुठली मर्यादा लागू आहे, रोज किती पाणी सोडता येतं, हे मंडळानं त्याला दिलेल्या संमतीपत्रात असतं.

नमुना नापास झाला की कारणे दाखवा नोटीस, मग निर्देश, नियम पाळायच्या हमीपोटी दिलेली बँक गॅरंटी जप्त आणि शेवटी कलम 33अ खाली बंदचा आदेश, वीज-पाणी तोडण्यासकट. ही वाट मला फार लांबची वाटते. तोवर घाण सीना-भीमेत पोचलेली असते आणि खालच्या गावांतली जनावरं तेच पाणी पितात.

खरी अडचण वेळेची आहे. नियम मोडणारे रात्री नाहीतर भर पावसात पाणी सोडतात, अधिकारी येईपर्यंत आउटलेट कोरडं. म्हणून पाणी वाहत असतानाच फोन करा. ते कुठल्या पाइपातून येतंय त्याचा तारीख-वेळेसह फोटो काढा. उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. मग माहिती अधिकारात संमतीपत्र, त्या दिवशीचा विश्लेषण अहवाल आणि त्यावर निघालेली नोटीस, या तिन्हींच्या प्रती मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अहवाल नापास असूनही नोटीस निघाली नसेल, तर हेच कागद घेऊन पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या कोर्टात, जाता येतं.