दुकान तुमचं, समोरचं डांबर नाही

प्रश्न : पुण्यात रविवार पेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. माल उतरवायला टेम्पो थांबला की ई-चलन येतं. ट्रान्सपोर्टवाला ते आमच्या बिलात लावतो, दिलं नाही तर पुढचा माल बंद म्हणतो. जागा राखायला दारासमोर दोन ड्रम ठेवले, तर महापालिकेने उचलून नेले. काय करावं?

उत्तर : ड्रम विसरा. रस्त्यात ठेवलेली वस्तू महापालिका अधिनियमाच्या कलम २३१ खाली नोटिशीशिवाय हलवता येते. वर भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ आहेच, रस्ता अडवल्याबद्दल ५,००० रुपयांपर्यंत दंड. दुकान तीन पिढ्यांचं असलं तरी रस्ता सगळ्यांचा.

बिलाचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ अडथळा होईल अशी गाडी उभी केल्याबद्दल ती ज्याच्या ताब्यात त्याला धरतं, मालाच्या मालकाला नाही. दंड तुम्ही भराल असं बिल्टीत (ट्रान्सपोर्टच्या पावतीत) किंवा करारात लिहून दिलेलं नसेल, तर ती रक्कम लेखी नाकारा, व्हॉट्सॲपवर का होईना. अर्थात टेम्पो उभा असतो तो तुमच्याच पातेल्यांसाठी. माणूस जुना असेल तर अर्ध्यावर मिटवा, असं मी अशिलांना सांगतो.

आता चलनातला फोटो मोठा करून बघा. फलकावर लाल रेघ एक आहे की फुली? एक रेघ म्हणजे पार्किंगला मनाई, फुली म्हणजे थांबायलाही मनाई. रेघ एकच, ड्रायव्हर जागेवर आणि हमालाच्या डोक्यावर खोकं दिसत असेल, तर ‘हे पार्किंग नव्हतं’ असं म्हणायला जागा आहे. तक्रार गाडीमालकाने महाट्रॅफिक ॲपवर करायची. पण मागे रिक्षांची रांग लागलेली दिसली, तर कलम १२२ मधून सुटका अवघड. अवजड गाडी बंदीच्या वेळेत शिरली असेल तर वादच घालू नका.

कायमचा उपाय मोटार वाहन कायद्याच्याच कलम ११७ मध्ये आहे. स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, गाड्या ठरावीक वेळेपुरत्या उभ्या करायच्या जागा त्याखाली ठरवता येतात. अर्ज वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांकडे, प्रत महापालिकेच्या पथ विभागाला. एकट्याचा नको, गल्लीतल्या दहा-पंधरा दुकानदारांच्या सह्या घ्या. आधी आठवडाभर वहीत टिपा : टेम्पो किती वाजता आला, किती मिनिटं थांबला. मग ‘सकाळी दहाच्या आत, वीस मिनिटं’ अशी नेमकी मागणी करा, हाताने काढलेला नकाशा जोडा आणि पोच घ्या. जागा मंजूर झाली तरी ती तुमच्या नावावर नसेल. शेजाऱ्याचा टेम्पो आधी लागला, तर तुमच्या टेम्पोला फडके हौदाकडे थांबायला सांगावं लागेल.