स्पॅनिशमधील ‘पेन्देखो’ या शिवीचा नेमका अर्थ काय, आणि ती कुठे वापरतात?

‘पेन्देखो’चा मूळ अर्थ जांघेतला केस असा असला, तरी मेक्सिकोत हा शब्द ‘बिनडोक’ या अर्थाने, आणि समोरच्याला चांगलाच झोंबेल असा, वापरला जातो. ‘नो सेआस पेन्देखो’ म्हणजे ‘मूर्खपणा करू नकोस’, तर मूर्खपणाच्या कृत्याला ‘पेन्देखादा’ म्हणतात. अर्जेंटिनात मात्र तो पोरसवदा किंवा पोरकट माणसाला लावतात, आणि पेरूमध्ये तर चक्क उलट, म्हणजे बेरकी माणसाला. स्त्रीसाठी ‘पेन्देखा’ असे रूप होते. जिवलग मित्र एकमेकांना हसत पेन्देखो म्हणतात खरे, पण ती मुभा नवशिक्याला आपोआप मिळत नाही; म्हणून माझ्या मते हा शब्द ऐकून ओळखता यावा, एवढे पुरे. अगदीच गरज पडली, तर ‘तोन्तो’ हा त्यामानाने सौम्य शब्द आहे.